दोन काटे आणि रिकामा गोठा

इंजिन तापलं की लोक आधी त्याच्यावर पाणी ओततात आणि मग मिस्त्रीला बोलावतात. हा क्रम उलटा असता तर माझ्या हातून निम्मीच इंजिनं खोलली गेली असती. खालापूर फाट्याजवळ माझं गॅरेज होतं. घाट चढून-उतरून दमलेल्या लॉऱ्या हे रोजचं गिऱ्हाईक, पण जीव रमायचा तो ट्रॅक्टरमध्ये. लॉरीबरोबर एकटा ड्रायव्हर येतो आणि तो घाईत असतो. ट्रॅक्टर बिघडला की घरचे सगळे भोवती उभे राहतात, आणि प्रत्येकाला बिघाडाचं कारण माहीत असतं.

आमचा जिल्हा तेव्हा कुलाबाच होता, त्याचा रायगड व्हायचा होता. कर्जत-खालापूरकडची शेतं म्हणजे बांधाला बांध लागलेली भाताची लहान लहान खाचरं, त्यामुळे ट्रॅक्टर इकडे उशिरा आला, आणि आला तोही नवा नाही. देशावर उसाच्या रानात उमेदीची वर्षं घालवलेले, परदेशी बनावटीचे जुने ट्रॅक्टर घाट उतरून आमच्याकडे यायचे. त्यांच्या पोटात आधीच्या मालकांची कर्तबगारी सापडायची. एकात मला बोल्टच्या जागी ठोकलेली बाभळीची खुंटी मिळाली होती, आणि ती चांगली घट्ट बसलेली होती. दुसऱ्यात पॅकिंगऐवजी सायकलच्या ट्यूबचा तुकडा. आता आत काय निघणार याची मला इतकी उत्सुकता लागायची की बायको जेवायला हाका मारून थकायची. ती खोड अजून गेलेली नाही. परवा घरचा मिक्सर बंद पडला तर सुनेने तो माझ्यापासून लपवून ठेवला.

ज्यांचा इंजिनाशी संबंध फक्त हॉर्न ऐकण्यापुरता आहे, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. इंजिनात दोन गोष्टी सतत फिरत असतात, पाणी आणि तेल. पाणी सिलिंडरभोवतीची उष्णता उचलून पुढे रेडिएटरमध्ये आणतं, तिथल्या बारीक नळ्यांतून उतरताना पंख्याच्या वाऱ्याने निवतं आणि परत कामाला जातं. तेल इंजिनाच्या तळाशी, चेंबरमध्ये साठलेलं असतं. पंप ते एका जाळीतून ओढतो आणि दाबाने बेअरिंगांपर्यंत पोचवतो. ड्रायव्हरसमोर दोन घड्याळं असतात. एकाचा काटा पाणी किती तापलं ते सांगतो, दुसऱ्याचा काटा तेलाचा दाब. पहिला चढायला लागला किंवा दुसरा पडायला लागला की इंजिन बंद करायचं आणि डोकं चालू करायचं.

गंमत अशी, की दोन्ही एकदम झालं तर आधी कोणतं झालं ते कळत नाही. इंजिन तापलं की तेल पातळ होतं आणि पातळ तेलाचा दाब पडतो. उलट तेल नीट पोचलं नाही तर बेअरिंगं घासतात आणि त्या घासण्याने इंजिन तापतं. दोन्हीकडून बोलणं पटतं. नवशिका मिस्त्री अशा वेळी जे आधी हाताला लागेल ते उघडतो. मीही तेच करायचो.

मला शहाणं केलं ते भिवपुरीकडच्या एका शेतकऱ्याने. त्याने ट्रॅक्टरला पट्टा लावून भाताची गिरणी चालवली होती. ट्रॅक्टर तापतो म्हणून त्याने पाण्याचा पंप बदलला, पंख्याचा पट्टा बदलला आणि शेवटी इंजिनच उतरवायचं म्हणून मला बोलावलं. मी पुढच्या जाळीमागे हात घातला तर मूठभर तूस निघालं. गिरणीतलं सगळं तूस पंख्याने ओढून रेडिएटरच्या पापुद्र्यांत भरलं होतं आणि वाऱ्याला आत शिरायला वाटच उरली नव्हती. तेव्हापासून मी कुठेही गेलो की आधी पाने-पक्कड काढत नाही. ह्या ट्रॅक्टरने गेल्या महिन्यात काय काय केलं, कुठे उभा होता, कुणाकुणाचा हात लागला, ते विचारतो. लोकांना ती मिस्त्रीची टाळाटाळ वाटते.

संपादकांनी ह्या दिवाळी अंकासाठी गमतीचा अनुभव मागितला आहे. पुढचा अनुभव गमतीचा आहे की नाही ते मला अजून ठरवता आलेलं नाही. मी तेव्हा हसलो होतो, आणि थोड्याच वेळात ते हसू गिळावं लागलं होतं.

आषाढात कडावच्या पलीकडच्या एका गावातून वसंतशेठचा निरोप आला. वसंतशेठ भाताचे मोठे शेतकरी, शिवाय गावात त्यांचं किराणा-खताचं दुकान. बैल विकून त्यांनी जुना तीन सिलिंडरचा ट्रॅक्टर घेतला होता. त्याला लोखंडी पिंजऱ्याची चाकं लावून ते स्वतःची आणि निम्म्या गावाची चिखलणी करून देत. चिखलणी म्हणजे खाचरात पाणी धरून माती मऊ कालवायची, म्हणजे तिच्यात भाताची रोपं लावता येतात. रोपं लावणीला आली होती, बायका-माणसं खोळंबली होती, आणि ट्रॅक्टर गोठ्यापुढे बसला होता. पाण्याचा काटा वर, तेलाचा खाली.

मी पोचलो तेव्हा ट्रॅक्टरपासून जरा लांब, एका दगडावर त्याचा ड्रायव्हर काशिनाथ बसला होता. तिशीचा असेल. गावच्या बौद्धवाड्यातला. आधी लॉरीवर क्लीनर, मग ड्रायव्हर, आणि गावात ट्रॅक्टर आला तसा लॉरी सोडून घरी परतलेला. त्याचं काम मी आधी पाहिलं होतं. ते जुनं यंत्र तो बांधावरून असं उतरवायचा की बांधाचं ढेकूळ हलायचं नाही. मी हात वर केला तर त्याने मान हलवली, पण उठला नाही.

"त्याला काय इचारू नका मिस्तरी," वसंतशेठ म्हणाले. "चांगलं तेल काढून इकतो आन् आत कायबाय ओततो. इंजनाची वाट लावली. उद्या नेरळचा ड्रायव्हर येतोय. ह्याला आजपासून घरी बसवला."

काशिनाथ तिथूनच म्हणाला, "मिस्तरी, तुमी दांडी काढून बगा. इकलं असतं तर तेल कमी भरलं असतं. हितं वाढत व्हतं. मी शेठला दोनदा सांगितलं, तेल वाढतंय म्हनून."

"तेल वाढतंय! भुतं येऊन घालत्यात का रं?"

जमलेली माणसं हसली. काशिनाथने मान खाली घातली. आमच्या भागात ड्रायव्हरचं नाव खराब व्हायला एक बाजारचा दिवस पुरतो. कडाव, कशेळे, नेरळ, कुठेच त्याला पुन्हा कुणी चाकावर बसवलं नसतं. आणि बौद्धवाड्यातल्या माणसावर गावाने चोरीचा शिक्का मारला की तो त्याच्या एकट्यावर राहत नाही, त्याच्या भावाला आणि पोराला पण तो भोगावा लागतो. हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं आणि तरीही सगळे हसले होते. मला त्याचा राग आला.

पण राग येऊन इंजिन दुरुस्त होत नाही. मी तेल मोजायची दांडी काढली. तेल खरंच वरच्या खुणेच्या बरंच वर होतं. बाहेरचं काही आत आल्याशिवाय तेल वाढत नाही. एक तर पाणी झिरपतंय, नाहीतर डिझेल. निदान काशिनाथ खोटं बोलत नव्हता.

ट्रॅक्टर आदल्या दिवसापासून बंद, त्यामुळे इंजिन पूर्ण गार होतं, हे फार बरं झालं. ट्रॅक्टरच्या घड्याळावर विश्वास न ठेवता मी माझं स्वतःचं दाबाचं घड्याळ जोडलं आणि इंजिन चालू केलं. गार तेल घट्ट असतं, त्यामुळे सुरुवातीला दाब चांगला दिसायला हवा आणि तापल्यावर उतरायला हवा. इथे काटा पहिल्यापासून मरगळलेला. इंजिन कोमट झालं तसा तो जरा वर आला, आणि पाणी तापल्यावर पुन्हा बसला. असला काटा मी जन्मात पाहिला नव्हता. मी इंजिन बंद केलं आणि बांधावर बसून विडी पेटवली. वसंतशेठ येरझारा घालत होते. खरं सांगायचं तर मी मजेत होतो.

घट्ट तेलाला दाब नाही आणि कोमट झाल्यावर थोडा आहे, म्हणजे तेलाच्या वाटेत काहीतरी अडकलेलं होतं. गार असतानाच दाब नाही, तेव्हा तापण्याने दाब पडला हे म्हणणं खोटं. आणि तेलावाचून बेअरिंगं घासून इंजिन तापत असेल तर त्यांचा खडखडाट ऐकू यायला हवा, तोही नव्हता. मग ही दोन वेगळी दुखणी. पण दोन वेगळी दुखणी एकाच महिन्यात कशी काय आली?

रेडिएटरवरून तळहात फिरवला. वरून गरम, आणि मधे मधे गार पट्टे. जिथे गार लागतं तिथल्या नळ्यांतून पाणी जात नाही, त्या बुजलेल्या असतात. इंजिन निवल्यावर मी खालचा कॉक सोडला. पाणी पिवळंधमक आलं. हातातल्या फडक्याला लागलं ते घासूनही जाईना. मी वास घेतला. हळद!

"बगा!" वसंतशेठ ओरडले. "ही लॉरीवाल्यांची इद्या!"

ते खोटं नव्हतं. रस्त्यात रेडिएटर गळायला लागला की लॉरीवाले त्यात हळद टाकतात. ती पाण्यात फुगून भोकात जाऊन बसते आणि गाडी गॅरेजपर्यंत पोचते. मीही तसं केलं आहे. काशिनाथलाही ते माहीत असणार. सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या. तो उभा राहिला. "मी नाय टाकली," एवढंच म्हणाला.

मी रेडिएटर भरून, वरून दाब देऊन तपासला. एक थेंब गळत नव्हता, जुन्या गळतीचा डागसुद्धा नव्हता. न गळणाऱ्या रेडिएटरला हळद कोण घालील? तीही चिमूटभर नव्हे, घट्ट गाळ बसेल इतकी. हे मी वसंतशेठना सांगितलं. ते म्हणाले, "तुमी तेलाचं बगा."

तेलात पाणी आहे का ते बघायची सोपी युक्ती म्हणजे तापलेल्या तव्यावर एक थेंब टाकायचा. पाणी असेल तर तडतडतं. मी स्वैपाकघराच्या दारात गेलो. वसंतशेठच्या पत्नी, आमच्या वहिनी, भाकऱ्या आटोपून चूल सारत होत्या. त्यांनी नाक मुरडत जुना तवा दिला. दांडीवरचा थेंब टाकला, तडतडला नाही. डिझेलचाही वास नाही. नुसता धूर निघाला. वहिनींनी पदर नाकाला लावला, मग काढला आणि पुन्हा हुंगलं.

"मिस्तरी, ह्यो तर खुरासणीच्या तेलाचा वास."

खुरासणी कर्जतजवळच्या कोंडाणे लेण्यांच्या अंगाला डोंगरउतारावर पिकायची. तिचं घाण्याचं तेल इकडे घरोघर असे, चटणीला आणि फोडणीला. मी पुन्हा हुंगलं आणि चाटच पडलो. बाई बरोबर सांगत होत्या. वहिनी आणखी काहीतरी बोलणार होत्या, पण त्यांची नजर दारातून गोठ्याकडे गेली आणि त्यांनी घाईने तवा उतरवला. "भाकरी करपंल," म्हणाल्या. तव्यावर भाकरी नव्हतीच.

मी चेंबर उतरवलं. आत जाळीवर तपकिरी, चिकट साय धरली होती. भजी तळायच्या जुन्या कढईच्या काठाला जो राप बसतो, तोच. इंजिनाचं तेल उष्णता सोसतं. खुरासणीचं तेल मुळात सुकणाऱ्या जातीचं, ते तापून तापून डिंकासारखं होतं. जाळी जवळजवळ बंद. पंप बिचारा ओढणार तरी काय?

"म्हंजे खायाचं तेल आत, आन् माजं तेल बाजारात," वसंतशेठ म्हणाले.

"शेठ, तुम्ही दुकानदार. खुरासणीचं तेल महाग की इंजिनाचं?"

"खुरासणीचं," ते नाइलाजाने म्हणाले.

"स्वस्त विकून महाग भरणारा चोर मी अजून पाहिलेला नाही. आणि काढून विकलं असतं तर ते वाढलं कसं?"

"मग कोनी घातलं ते सांगा," ते म्हणाले. "तवर माज्यापुरता त्योच चोर."

हातांना ती घाण लागली होती. पुसायला पेंढा घ्यावा म्हणून मी गोठ्यात गेलो. गोठा लख्ख झाडलेला होता. बैल जाऊन वर्ष उलटलं होतं, तरी दावी खुंट्यांवर नीट गुंडाळून ठेवलेली, आणि गव्हाणीपुढे, बैलांच्या जागी, पिंजऱ्याच्या चाकांचे ओरखडे. ट्रॅक्टर रोज इथेच उभा राहायचा. कोपऱ्यात बाजेवर आबा बसले होते, वसंतशेठचे वडील. ऐंशीच्या घरातले, कानांनी जरा कमी. दिवसभर ते गोठ्यातच असत. भिंतीला तिरक्या तोंडाची बांबूची नळी अडकवलेली होती. औताच्या हंगामाआधी बैलांना औषध पाजतात ती. नळीचं तोंड ताजं पिवळं होतं.

मी तिथेच उभा राहिलो. मग मोठ्याने विचारलं, "आबा, ही नळी कशाची?"

"बैलास्नी पाजायची."

"पण बैल कुठे आहेत?"

आबांनी बाहेर खोलून ठेवलेल्या ट्रॅक्टरकडे बोट केलं. "ह्यो काय."

आणि मग त्यांनी मला सगळं सांगितलं, अगदी सरळपणे, जणू मी एक शिकाऊ औतकरी. "मिरगाच्या आदी हळद-तेल पाजल्याबिगर मी कदी बैल जुपला नाय. अंगात ऊब ऱ्हाते, सांधे धरत नायत. ह्यो तर चार जोड्यांचं काम एकला करतो. त्याला तसाच जुपायचा? काशा पानी कुठनं घालतो, तेल कुठनं घालतो, ते मी बगून ठेवलं व्हतं. पान्याच्या तोंडात हळद, तेलाच्या तोंडात तेल. सकाळी काशा यायच्या आदी. माप चार जोड्यांचं."

मला त्या तर्कात कुठे बोट ठेवावं ते कळेना. बैलांना हळद-तेलाबरोबर अंडीही देतात, म्हणून न राहवून विचारलं, "आणि अंडी?"

"आनली व्हती की! पन त्यांचं तोंड गावंना. ती तिसरी टाकी हाय ना, तिच्यात सोडनार व्हतो, तवर काशा आला."

डिझेलच्या टाकीत अंडी गेल्यावर काय काय होतं, हे मिस्त्री म्हणून मला एकदा बघायला आवडलं असतं. मी तोंड फिरवून हसलो. आबांनी ते पाहिलं.

"का रं, बादलं काय त्याला?"

मग मी बाजेवर त्यांच्याशेजारी बसून सांगितलं. हळद नळ्यांत कशी बसली, तेलाची साय कशी धरली. ते ऐकताना आबा आपल्या हातांकडे बघत होते.

"म्हंजी मीच मारला त्याला?"

"मेला नाही आबा. वेळेवर बंद केला म्हणून वाचला. उद्या चालेल."

त्यांनी माझं मनगट धरलं. "वसंताला सांगू नको. बैल इकू नको म्हनलो तवा गावात हसला मला. आता म्हातारा भरमला म्हनंल. ह्या गोठ्यात बी येऊ द्यायचा नाय."

वसंतशेठ तसं करतील, हे मलाही वाटलं. आबांच्या वाट्याला तेवढा गोठाच उरला होता. माझा जीव तुटला, पण मी म्हटलं, "आणि काशिनाथ?"

"त्याचं काय?"

त्यांना काहीच माहीत नव्हतं. अंगणातलं बोलणं त्यांच्या कानापर्यंत गेलंच नव्हतं. मी सांगितलं की शेठनी त्याला तेलचोर ठरवून काढून टाकलंय. वेळेवर इंजिन बंद करणाराही तोच, हेही सांगितलं.

"काशा? चोर?" आबा म्हणाले.

"आबा, आत काय निघालं ते मी शेठना सांगितलंय. कुणी घातलं ते तुम्ही सांगायचं. उद्या ट्रॅक्टर चालू झाला की नेरळचा माणूस त्यावर बसेल."

आबा बोलले नसते तर मला बोलावं लागलं असतं, आणि ते मला मुळीच नको होतं. इंजिनात लपलेलं मी कितीही खुशीने बाहेर काढीन, माणसातलं काढायला माझ्याकडे पाना नाही.

दुपारभर धुलाई चालली. धुण्याचा सोडा घातलेलं कढत पाणी रेडिएटरमध्ये खालून वर, म्हणजे उलट्या वाटेने सोडायचं, म्हणजे बसलेला गाळ आल्या वाटेने सुटतो. पहिल्यांदा पिवळं आलं, मग फिकट, मग स्वच्छ. पाणी आणायला काशिनाथ न बोलावता उठला. मी काही विचारायच्या आत म्हणाला, "शेठशी माजं भांडन असंल. ह्याच्याशी नाय." त्याने जाळी रॉकेलमध्ये बसून बसून इतकी घासली की ती नव्यासारखी दिसायला लागली. बेअरिंगं मी हाताने हलवून पाहिली, ती शाबूत होती. वसंतशेठ ओट्यावरून बघत होते.

रात्री मी त्यांच्याच ओटीवर झोपलो. सकाळी नवं तेल, नवा फिल्टर घातला. लावणीला निघालेली माणसं अंगणात थांबली. नेरळचा ड्रायव्हर आला होता, गॉगल लावून. मी इंजिन चालू केलं. दाबाचा काटा लगेच चढला आणि ठाम उभा राहिला. पाणी तापलं, आणि जिथे थांबायला हवं तिथे थांबलं. मी बराच वेळ इंजिन चालू ठेवून दोन्ही काट्यांकडे बघत बसलो. एवढ्या वर्षांत त्या बघण्याचा मला कधी कंटाळा आला नाही.

नेरळच्या ड्रायव्हरने पायरीवर पाय ठेवला, तोच गोठ्यातून आबा आले. एका हातात काठी, दुसऱ्या हातात ती बांबूची नळी.

"खाली उतर," ते त्याला म्हणाले. मग वसंतशेठकडे वळले. ज्याला कमी ऐकू येतं त्या माणसाचा आवाज मोठाच असतो. "तेल म्या पाजलं. हळद म्या पाजली. ह्या नळीनं. काशानं थेंब इकला नाय."

क्षणभर कुणाला कळेना. मग मागून कुणीतरी खुदकन हसलं आणि सगळं अंगण हसायला लागलं. "आबांनी ट्रॅक्टर बैल केला!" कुणीतरी ओरडलं. वसंतशेठचा चेहरा लालबुंद झाला. आबा मात्र नळी हातात धरून ते हसणं संपेपर्यंत तिथेच उभे राहिले. दारात वहिनी डोळ्यांना पदर लावून उभ्या होत्या. त्यांच्या बरणीतलं तेल महिनाभर उतरत होतं आणि त्यांनी ओळखलंही होतं, हे मला नंतर कळलं.

"झालं हसून?" आबा म्हणाले. "आता ज्याला चोर म्हनलात त्याला हाक मारा."

वसंतशेठ ओट्यावरून म्हणाले, "काशा, ये. बस."

काशिनाथ दगडावरून हलला नाही. "शेठ, काल चार मानसांत बोललात," तो म्हणाला. आवाज चढवला नाही त्याने.

इंजिन फटफटत होतं. वसंतशेठनी एकदा बापाकडे पाहिलं, एकदा लावणीच्या माणसांकडे, आणि ते ओट्याच्या पायऱ्या उतरले. अंगण ओलांडून त्या दगडापर्यंत गेले.

"चुकलं माजं, काशिनाथ," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "तू तेल इकलं नायस."

ते त्यांना किती जड गेलं ते त्यांच्या मानेवरून दिसत होतं. गावच्या शेठने बौद्धवाड्याच्या माणसाला चारचौघांत असं म्हटलेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं, आणि नंतरही फारसं ऐकलं नाही. नेरळच्या ड्रायव्हरने गॉगल काढला आणि चहा मिळेल का विचारलं.

काशिनाथ उठला. ट्रॅक्टरवर चढण्याआधी म्हणाला, "चिखलनी पुरी करून देतो, शेठ. मग मी जानार. रसायनीला टँकरवर बोलावनं हाय." वसंतशेठना वाटलं तो रागात बोलतोय. मलाही तसंच वाटलं होतं. पण त्याचं कालच, दगडावर बसल्या बसल्या ठरलं होतं. मला त्याची आजही हळहळ वाटते. त्या ट्रॅक्टरला तसा हात पुन्हा मिळाला नाही, आणि तो माझ्याकडे वरचेवर येत राहिला.

अशा धुलाईनंतर घातलेलं पहिलं तेल थोडं काम झाल्यावर पुन्हा काढून टाकावं लागतं, कारण आतली राहिलेली चिकटी त्यात उतरते. त्यासाठी चिखलणी आटोपल्यावर मी परत गेलो. काशिनाथचा तो शेवटचा दिवस. त्याची पिशवी दगडावर ठेवलेली होती. तो आबांना घेऊन ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाशी उकिडवा बसला होता आणि आबांच्या हातात सांध्यांत वंगण भरायची ग्रीस गन होती.

"ह्याला पाजायचं तर हे, आबा," तो त्यांच्या कानाशी सांगत होता. "ही ह्याची नळी. आन् ही बारकी तोंडं हायत, सगळ्या सांध्यांवर. आदी तोंड पुसायचं, मग नळी लावायची."

आबांनी दोन्ही हातांनी दांडा दाबला. "माप किती रं?"

"माप नाय. जुनं काळं भाईर येतं, त्याच्यामागनं नवं दिसाया लागतं. पोट भरलं की त्यो सोताच सांगतो."

आबा दाबत राहिले. सांध्यातून आधी चिखलमिश्रित काळं ग्रीस बाहेर आलं आणि मग स्वच्छ, चकचकीत. त्यांनी ते बोटाने निपटलं आणि चाकावर थाप मारली. "आता दुसरं दाव," म्हणाले. फाट्यावर एसटीचा हॉर्न वाजला. काशिनाथने तिकडे एकदा पाहिलं, मग फडकं घेतलं आणि पुढचं तोंड पुसायला लागला.